मदत हवी आहे: रेबीज लसीकरण शिबिरात लस थंड कशी ठेवायची?

२८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास नेरूळमधल्या आमच्या तीन सोसायट्या मिळून पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी शिबिर घेतोय. नोंदणी ६० झाली आहे. टोचायला आणि कार्डावर सही करायला नोंदणीकृत पशुवैद्य येणार आहेत. तीन महिन्यांखालची पिल्लं घेणार नाही. मांजरांची वेळ वेगळी ठेवलीय, गेल्या वर्षी एक घाबरून पळालं होतं, ते पुन्हा नको.

अडचण लसीची. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी, गोठली तरी वाया. थर्माकोलच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या ठेवून थर्मामीटरने पाहिलं: फ्रीझरमधले आइसपॅक थेट घातले की आधी शून्याखाली, दुपारी १२ अंश. मंडपात वीज नाही, फ्रिज पाच मिनिटांवर. सकाळी ९ ते १, पेटी सतत उघडत असताना तुम्ही तापमान कसं टिकवलंत?