'गुन्ह्याची कबुली' आणि 'गुन्हा कबूल': फरक काय? आणि कच्चा कैदी कच्चा का?

पेपरात वाचतो 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' आणि दोनतीन वर्षांनी तोच माणूस पुराव्याअभावी निर्दोष, मग त्या कबुलीचं काय लोणचं घातलं? आणि कच्चा कैदी म्हणजे कच्चा लिंबू असतो तसा का?

भाजीभाकरी: लिंबू जवळपास बरोबर 😀 खटल्याचा निकाल नाही आणि माणूस आतच, तो कच्चा. सरकारी कागदात न्यायाधीन बंदी, शिक्षा लागली की सिद्धदोष बंदी. २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चेच! आणि पोलिसांसमोरची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, फार तर तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग धरतात.

काळाकोट: वकिली करते म्हणून लिहिते. कोर्टात विचारतात 'गुन्हा कबूल आहे का?' आणि उत्तर शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यायचं असं कायद्यातच आहे. मोबाईल चोरीतला एक पोरगा, जामीन झालेला पण जामीनदार मिळेना म्हणून चार महिने आत. तो म्हणाला, 'साहेब चुकी झाली, आता सोडा.' आता हे कबूल म्हणायचं की विनवणी? साहेबांनी पुन्हा समजावलं की बाबा कबूल केलंस तर शिक्षा लागेल, तो म्हणाला चालंल. भोगली तेवढीच शिक्षा दिली, संध्याकाळी घरी. म्हणजे कच्चा होता तोवर आत आणि पक्का झाला तसा बाहेर.

भाजीभाकरी: भोगली तेवढी म्हणजे माफीच ना?

काळाकोट: नाही हो. माफी जेलमध्ये मिळते, चांगल्या वागणुकीची वगैरे. समजा शिक्षा सहा महिने लागली आणि चार आधीच आत काढलेत तर उरले दोन, याला आम्ही सरळ सेट ऑफ म्हणतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४६८. निकालपत्रात काहीजण 'सूट' लिहितात, तिथेच घोळ होतो, सूट म्हटलं की मेहेरबानी वाटते. 'वजावट' बरा.

जुनीवही: हिशेबात यालाच मुजरा म्हणायचे, आगाऊ दिलेले पैसे मुजरा करून बाकी काढायची. आमच्या आजोबांच्या दुकानाच्या वहीत 'मुजरा १२ रुपये' दिसायचं, मला कितीतरी वर्षं वाटायचं आजोबा तमाशाला जातात.