फ्लॅटमध्ये पक्षी पाळायचाय, कोणता घेऊ? (नागपूर)

खामल्याची आई
नमस्कार मंडळी. आम्ही खामल्यात तिसऱ्या माळ्यावर राहतो, घरी आम्ही दोघं, सासूबाई आणि ९ वर्षांची मुलगी. मुलगी दिवाळीपासून मागं लागलीय की पक्षी पाहिजेच, आणि सासूबाई म्हणून राहिल्या की मिट्ठूच आणा, त्यांच्या माहेरी काटोलला होता, मिरची खायचा आणि "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचा. दुकानात गेलो तर त्या माणसानं एका पिंजऱ्यातले दहा-बारा रंगीत पक्षी दाखवले, लव बर्ड आहे म्हणे, आणि मग हळूच सांगितलं की मिट्ठूची पिल्लं पण आहेत आतमध्ये. मला काही समजून नाही राहिलं. सकाळी ९ ते ६ घरी फक्त सासूबाई असतात, उन्हाळ्यात हॉलमध्ये दिवसभर कूलर. बोललाच पाहिजे असं नाही पण मुलीच्या हातावर येऊन बसला तर खूप आवडेल तिला. फार कलकलाट नको, शेजारी दहावीचा मुलगा आहे. ज्यांनी पाळलेत त्यांनी खरं खरं सांगा.

महालचे काका
ताई, आधी मिट्ठूचं सांगतो, तो घेऊच नका. आपला देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतो, विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं सगळा गुन्हा आहे. मुनियाचंही तेच. ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणतात, डोळे उघडायच्या आत, आणि त्यातली कितीतरी रस्त्यातच मरतात. पूर्वी घरोघरी होते हे खरं आहे, आमच्या वाड्यात पण होता, पण आता नाही.

दुकानात दाखवले ते बहुतेक बजरीगर असतील, आपल्याकडे सगळे त्यालाच लव बर्ड म्हणतात. खरा लव बर्ड वेगळा, थोडा मोठा, आखूड शेपटीचा, चोच जाड आणि चावतो जोरात, आवाज पण टोचणारा. लहान पोरीसाठी मी बजरीगरच म्हणेन. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला, पाळायला कायद्याची अडचण नाही. माझ्याकडे १४ वर्षांपासून आहेत. दिवसभर बारीक चिवचिव चालते पण भिंतीपलीकडे त्रास होत नाही.

घेताना पिल्लू घ्या, ३-४ महिन्यांच्या आतलं. ओळखायचं कसं तर कपाळ पाहा, पिल्लाच्या डोक्यावरच्या काळ्या बारीक रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात, मोठा झाला की कपाळ साफ पिवळं नाहीतर पांढरं होतं. (काही रंगांत रेघाच नसतात, तिथं हे चालत नाही.) मोठ्या नराच्या नाकपुड्यांजवळचा भाग निळा, मादीचा तपकिरी. तुम्ही दिवसभर बाहेर, तर एकटा नका ठेवू, दोन नर घ्या, छान राहतात. दुकानदार सोबत मडकं देईल, ते टांगू नका, अंडी-पिल्लांचं मागे लागलं की मुलीच्या हातावर कोणी येणार नाही. आणि हातावर यायला वेळ लागतो हे पोरीला आधीच सांगून ठेवा. पहिला आठवडा हात घालायचाच नाही, नुसतं पिंजऱ्याजवळ बसून बोलायचं, मग कांगणीची (म्हणजे राळ्याची) लोंबी धरायची. माझा निळा दीड महिन्यानं बोटावर आला, तेव्हा त्याच्या पायांची ऊब लागली ना, ते मी आजही विसरलो नाही.

सेमिनरी हिल्स
मी इथल्याच व्हेटर्नरी कॉलेजात शिकतो. काकांचं बरोबर आहे, थोडं जोडतो. पिंजरा गोल नको, आडवा लांब पाहिजे, तारांमधलं अंतर साधारण १२ मिमी, जास्त असलं की डोकं अडकतं. नुसत्या कांगणीवर नका ठेवू, रोज थोडा पालक, सांबार (कोथिंबीर), गाजराचा कीस द्या, आणि समुद्रफेन (कटलफिशचं पांढरं हाड) टांगून ठेवा. अव्होकॅडो आणि चॉकलेट विष आहे. पक्षी सोडायच्या आधी पंखा बंद, हे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला की दुसऱ्या दिवसाची वाट नका पाहू, पक्षी आजार लपवतात, दिसेपर्यंत खूप उशीर झालेला असतो.

आणि घरी कोणाला दमा आहे का? असेल तर कॉकाटील (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) नकोच, त्याच्या पिसांतून पांढरी पावडर खूप पडते.

प्रतापनगर
मी जागेबद्दल लिहिते कारण माझ्याकडून चूक झाली. माझा कॉकाटील ६ वर्षांचा होता, त्याचा पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशीच, कारण मी काम करताना तो शिट्टी वाजवायचा. एका सकाळी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. दहा मिनिटं असतील. परत आले तर तवा तापून धूर नाही, काही नाही, फक्त थोडा वास, आणि तो खाली पडलेला. नॉनस्टिकचा थर जास्त तापला की जो वायू निघतो त्यानं पक्षी मिनिटांत जातो, माणसाला कळत पण नाही. मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ताई, पक्षी आणायच्या आधी नॉनस्टिक काढा, लोखंडी तवा वापरा. उदबत्ती, मच्छरची कॉइल, रूम फ्रेशनर, पेस्ट कंट्रोल, फोडणीचा ठसका, सगळ्यापासून दूर ठेवा.

कूलरचं पण ऐका. नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) ४५ च्या वर जातं, तेव्हा कूलर लागणारच, पण त्याची हवा थेट पिंजऱ्यावर नको, आणि ओलाव्यानं दाण्याला बुरशी धरते म्हणून दाणे रोज बदला. पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर उष्णता लागून राहिली समजा, गार खोलीत न्या, उथळ ताटलीत पाणी ठेवा. पश्चिमेच्या खिडकीत तर बिलकूल नको.

खामल्याची आई
किती मनापासून लिहिलं सगळ्यांनी. प्रतापनगरच्या ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं, दोन्ही नॉनस्टिक तवे आजच काढले. दम्याचं विचारलं ते बरं झालं, सासूबाईंना हिवाळ्यात पंप लागतो, माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

सेमिनरी हिल्स
मग बजरीगर पण लगेच नका आणू. त्यांचीही पिसं आणि विष्ठेची धूळ असतेच, थोडी कमी. आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा, आणि ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांच्या घरी त्यांना दोन-तीनदा तास-दीड तास बसवून पाहा. झोपायच्या खोलीत पिंजरा कधीच नको.

महालचे काका
डॉक्टर हो म्हणाले तर माझ्याकडे घेऊन या त्यांना, रविवारी सकाळी मी घरीच असतो. पोरीला पण आणा, निळ्याला लोंबी तिच्या हातून देऊ.

खामल्याची आई
काका, गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. मुलीनं आत्ताच विचारलं की लोंबी घरून न्यायची की तुमच्याकडे असते.