प्रतिसाद: गुहेतल्या बुरशीचं अन्न
अंधाऱ्या गुहेत बुरशीला खायला काय मिळतं, असं वर विचारलंय. बुरशीला उजेड लागतच नाही. वटवाघळांची विष्ठा, मेलेले किडे, पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचं भागतं.

फ्रान्समधल्या, आदिमानवाच्या भिंतीचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या लास्को गुहेचं उदाहरण मात्र वाचाच. २००१मध्ये तिथे फ्युझेरियम बुरशीचा पांढरा थर पसरला. जंतुनाशकं मारली, तर पुढे काळे डाग उमटले! त्या डागांमधल्या काळ्या बुरशीच्या एका नव्या प्रजातीला गुहेचंच नाव मिळालं. स्प्रिंगटेल नावाचे कीटकांसारखे इवलेसे जीव ही काळी बुरशी खातात आणि तिचे बीजाणू भिंतभर पसरवतात. म्हणून सरसकट फवारणीला माझा ठाम विरोध आहे. आधी तिथे कोण कुणावर जगतंय ते तपासायलाच हवं.