किचनर गल्ल्यात, कॅव्हेल डबीत

सुट्टे_पैसे: २०१४ ला ब्रिटनच्या रॉयल मिंटने, म्हणजे तिथल्या टांकसाळीने, पहिल्या महायुद्धाच्या शंभरीचं २ पौंडाचं नाणं काढलं आणि त्यावर कोण तर लॉर्ड किचनर, तेव्हाचा युद्धमंत्री, तोच सैन्यभरतीच्या पोस्टरवर बोट रोखणारा. लोक भडकले, लाखावर सह्या झाल्या की एडिथ कॅव्हेलचं नाणं काढा. ही नर्स, जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रसेल्समधून दोनशेच्या आसपास दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना निसटायला मदत केली म्हणून जर्मनांनी १२ ऑक्टोबर १९१५ ला गोळ्या घातल्या. मग २०१५ ला तिचं ५ पौंडाचं नाणं आलं, पण फक्त नाणी जमवणाऱ्या कलेक्टर लोकांसाठी! किचनरची ५७ लाख नाणी बाजारात आणि ही बाई डबीत. चलनात सोडायचं नसेल तर युद्धाची नाणी काढूच नयेत, निव्वळ धंदा आहे.

ढब्बू_पैसा: धंदा तर धंदा, त्यात काय एवढं. आणि किचनर का नको? १९१६ पर्यंत तिकडे सक्तीची भरतीच नव्हती, पोरं अशा पोस्टरांवरच गेली. युद्धाची सुरुवात दाखवायची तर तोच येणार, आवडो न आवडो.

लीड्सवाली: इतिहास दाखवायचाय तर पूर्ण दाखवा की. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात बायकापोरं छावण्यांत मेली ती याच्याच हाताखाली. आणि हाच युद्धमंत्री असताना इराकमधल्या कुतला ब्रिटिश हिंदी फौजेची पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली, त्यात आपल्या मराठा पलटणी होत्या, १४७ दिवस, शेवटी घोडी खाल्ली लोकांनी. त्यांना कोण नाण्यावर घेणार?

ढब्बू_पैसा: तेच म्हणतोय, कलेक्टर सेटमध्ये तरी अशांना जागा मिळते. चलनाचं कौतुक सांगू नका. १९६५ च्या युद्धाला पन्नास झाली म्हणून २०१५ ला आपल्याकडे ५ रुपयाचं नाणं आलं, तेही चलनात. भाजीवाल्याकडून सुट्टे घेताना किती जणांनी पलटून बघितलं?

सुट्टे_पैसे: मी बघितलं. पोराने विचारलं पासष्टला काय झालं, अर्धा तास गेला सांगण्यात. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला त्याचं ७५ रुपयाचं नाणं आहे ना, ३५ ग्रॅमचं, अर्धी चांदी, ते कुठल्या पोराच्या हाताला लागणार?

ढब्बू_पैसा: माझ्या पोराच्या लागतं, पण हात धुवून 😄

लीड्सवाली: आणि ज्यांच्या घरी तुम्ही नाही त्यांनी काय करायचं?