काळे आधी की कावळे?
डेटाबेसमधली मराठी नावं वर्णानुक्रमे लावायच्या चर्चेत 'एन्कोडिंग यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) ठेवलं की मराठी क्रम आपोआप येतो' असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. एन्कोडिंग ठरवतं अक्षर साठवायचं कसं. क्रम ठरवतं कोलेशन, म्हणजे क्रमवारीचे नियम. पोस्टग्रेस हा डेटाबेस 'सी' लोकॅलवर (लोकॅल म्हणजे भाषेची सेटिंग, 'सी'त कुठल्याच भाषेचे नियम नाहीत) असेल तर क्रम निव्वळ अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांचा. त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, म्हणून 'काळे' हे 'कावळे'च्या आधी येतात. आणि क्षीरसागर थेट खऱ्यांच्या आधी! आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर.

उपाय आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन. पोस्टग्रेस १० पासून ते स्तंभापुरतं लावता येतं, १५ पासून अख्ख्या डेटाबेसला. नवा डेटाबेस वेगळ्या लोकॅलचा हवा असेल तर टेम्प्लेट० या पोस्टग्रेसच्या कोऱ्या साच्यावरूनच काढा.

खरी डोकेदुखी मात्र शोधाची. 'तऱ्हा' दोन प्रकारे टंकता येतं: नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, तुलनेत वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइज फंक्शन (पोस्टग्रेस १३ पासून) र अधिक नुक्ता यांचा ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. तो माहिती भरतानाच रिप्लेस फंक्शनने बदलून घ्यावा लागतो. मी हे उशिरा शिकलो, तोवर यादीत एकच 'गोऱ्हे' दोनदा बसले होते.

लांबी मोजणाऱ्या लेंग्थ फंक्शनवरही विसंबू नका, 'क्ष'ची लांबी ३ येते (क, हलन्त, ष).

आणि लिनक्सच्या लोकॅलवरच राहणार असाल तर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ ओलांडताना मजकुराचे इंडेक्स (शोधसूच्या) रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा, तिथे क्रमाचे नियम बदललेत.