'सहारा' (१९४३): आटलेल्या विहिरीसाठी लढाई कशाला?

प्रश्न

झोल्टान कोर्डा यांचा 'सहारा' हा युद्धपट नुकताच पाहिला. १९४२ मध्ये लिबियातील टोब्रुक हे बंदर जर्मनांच्या हाती पडल्यावर मुख्य सैन्यापासून तुटलेला सार्जंट जो गन, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, 'लुलुबेल' हा आपला रणगाडा घेऊन माघारी निघतो आणि वाटेत भेटलेल्या सैनिकांसह एका पडक्या ठाण्यातील विहीर गाठतो. विहीर जवळजवळ आटलेली आहे आणि रणगाडा चालू स्थितीत आहे. असे असताना गनने पुढे निघून जाण्याऐवजी सुमारे ५०० जर्मनांना अडवून धरावे, हे पटकथेच्या सोयीसाठी केले आहे असे मला वाटले. माझ्या नजरेतून काही निसटले आहे का?

प्रतिसाद १

निसटले आहे ते जर्मनांचे अज्ञान. ती तुकडीही तहानलेली आहे, आणि विहिरीत भरपूर पाणी आहे अशी तिची समजूत करून देणे हाच गनचा डाव आहे. म्हणून तो बंदुकांच्या बदल्यात पाणी देऊ करतो. सौदा जुळावा अशी त्याची मुळीच अपेक्षा नसते. शत्रू जितका वेळ तिथे खोळंबेल, तितकी पूर्वेकडे सावरू पाहणाऱ्या ब्रिटिश फौजेला उसंत मिळेल, एवढाच त्याचा हिशेब असतो. कैदेतला जर्मन वैमानिक निसटतो तेव्हा गनच्या बाजूचा सुदानी सैनिक तांबुल जिवावर उदार होऊन त्याच्यामागे का धावतो, हेही यावरूनच कळते. विहीर कोरडी असल्याची बातमी पलीकडे पोहोचली, तर लढाई तिथेच संपली असती.

प्रतिसाद २

वरील खुलासा मान्य आहे, पण शेवटी तोफगोळा नेमका विहिरीत पडून पाणी उसळावे, हा योगायोग मला आजही खटकतो. त्या मानाने इटालियन कैद्याचा प्रसंग कितीतरी सरस आहे. पाणी पुरणार नाही म्हणून गन त्याला वाळवंटातच सोडून रणगाडा पुढे काढतो. तो माणूस धडपडत मागे येत राहतो आणि अखेर गनलाच थांबावे लागते. त्या कैद्याच्या भूमिकेसाठी जे. कॅरोल नेश यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले होते, ते अगदी योग्यच होते.

प्रतिसाद ३

कथाबीज मुळात सोव्हिएत आहे. मिखाईल रोम यांच्या १९३६ च्या 'द थर्टीन' या चित्रपटात मध्य आशियाच्या वाळवंटात सोव्हिएत लाल सेनेचे मूठभर सैनिक अशाच विहिरीपाशी बासमाची, म्हणजे सोव्हिएत सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या, टोळीला रोखून धरतात. कोर्डांनी तो पेच उत्तर आफ्रिकेत आणला आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चित्रित केला. प्रश्नकर्त्यांनी तांबुल विहिरीत उतरून थेंबथेंब पाणी गोळा करतो ते दृश्य पुन्हा पाहावे. प्रत्येकाच्या वाट्याला मोजके घोट येतात आणि पिणाऱ्याच्या गळ्याकडे बाकीच्यांचे डोळे लागलेले असतात. ही माणसे रणगाड्यात बसून निघाली असती, तरी पुढचे पाणी कुठे मिळणार होते?