तेल सापडलं, तरी माणसं गरीब कशी?

केपेचा मास्तर: बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. मानव विकास निर्देशांक मुलं घडाघडा म्हणतात: १९९० साली महबूब उल हक यांनी मांडला, मोजतो आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. काल एका मुलीने विचारलं, "सर, आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीत एवढं तेल सापडलं, तरी माणसं गरीब कशी?" १९७९ पासून तिथे एकच राष्ट्राध्यक्ष आहे, पैसा मूठभरांच्या हातात राहिला, असं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तुम्ही कसं समजावाल?

डिचोलीकर: मास्तर, तिला आमच्या घरचं सांगा. आजोबा कूळ. भात मळून झालं की भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, वाटा आधी मोजून द्यायचा, उरेल त्यात आम्ही. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. आमची देवळाच्या अग्रशाळेत भरायची. आई तिथे शिकली, घरातली पहिलीच. कूळ कायदा १९६४ चा, पण कुळाला मालक केलं ते १९७६ च्या दुरुस्तीने. मामलेदाराकडचा अर्ज आईने लिहिला, खाली आजोबांचा अंगठा. त्याची नक्कल अजून पेटीत आहे. अंगठ्याची शाई कडेला पसरलीय, वर आईचं गोल अक्षर.

खाणीचा पैसाही आम्ही पाहिला. भावाने कर्ज काढून ट्रक घेतला, घरावर स्लॅब पडला. त्याच वर्षांत विहीर आटली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभा, चाकांवर वेल चढले, बँकेचे हप्ते मात्र चालूच. त्या दिवसांत घर चाललं ते माझ्या बहिणीच्या पगारावर. ती शिक्षिका आहे. तिला शिकवायचंच, हा हट्ट आईचा.

बांबोळीची नर्स: दादा, अगदी पटलं. मास्तर, आफ्रिकेतला बोत्स्वानाही सांगा. हिऱ्यांचा पैसा तिथल्या सरकारने शाळा-रस्त्यांवर घातला. मग एड्सने आयुर्मान कोसळलं. २००२ पासून सरकारी खर्चाने औषधं सुरू केली, तेव्हा ते सावरलं. मात्र गोव्याचे आकडे चांगले म्हणून आपण निवांत बसू नये. बांधकामावरच्या बायका बाळंतपणाला येतात, तेव्हा कित्येकींकडे आधीच्या तपासणीचा एक कागद नसतो. त्याही इथेच राहतात ना?

केपेचा मास्तर: ताई, हे वर्गात नक्की मांडतो. डिचोलीकर, त्या अर्जाचा फोटो मिळेल? नाव झाकून चालेल.

डिचोलीकर: आईला विचारलं. म्हणाली, "नाव कशाला झाकतोस? अर्ज मी लिहिलाय."